प्रत्यंचा आणि नॉक यांची जुळणी : धनुर्विद्येतील एका दुर्लक्षित घटकाचे विवेचन

सारांश

धनुर्विद्येच्या प्रशिक्षणात शरीरस्थिती, नेम आणि श्वासनियंत्रण यांची चर्चा विपुल होते. परंतु बाण व प्रत्यंचा यांचा जेथे प्रत्यक्ष संबंध येतो, त्या जागेचा विचार अभावानेच होतो. बाणाच्या शेपटाकडील नॉक प्रत्यंचेवर किती घट्ट बसावा, तो घट्ट किंवा सैल बसल्यास काय होते, त्याची तपासणी व दुरुस्ती कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. घट्ट नॉकमुळे होणारी वेगाची हानी किरकोळ असून दिशेची हानी मोठी असते, आणि ती हलक्या धनुष्यावर सराव करणाऱ्या नवोदित विद्यार्थ्याला सर्वाधिक बाधते, हे साध्या गणिताने दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : प्रत्यंचा, नॉक, सर्व्हिंग, नॉकिंग पॉइंट, रिकर्व्ह, कंपाउंड.

१. प्रस्तावना

सन २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. देवतळे यांनी अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळविले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. या घडामोडींमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या खेळाविषयी कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये रिकर्व्ह, कंपाउंड आणि इंडियन राउंड असे तिन्ही प्रकार खेळले जातात.

पंधरा बाण एकाच वर्तुळात जाण्यासाठी खेळाडूची कृती पंधरा वेळा सारखी व्हावी लागते, हे सर्वमान्य आहे. मात्र खेळाडूने बोटे किंवा रिलीज सोडल्यानंतर बाण प्रत्यंचेपासून अलग होईपर्यंत जो अत्यल्प काळ जातो, त्यावर खेळाडूचे कोणतेही नियंत्रण नसते. त्या काळातील सारखेपणा साहित्यानेच राखावयाचा असतो. नॉकच्या जुळणीचे महत्त्व येथे आहे.

२. संज्ञा आणि रचना

संस्कृत वाङ्मयात बाणाच्या शेपटाकडील, प्रत्यंचेला टेकणाऱ्या भागास ‘पुंख’ अशी संज्ञा आढळते. प्रत्यंचेच्या ‘मौर्वी’ या नावात ती ज्या वनस्पतीच्या तंतूंपासून वळली जाई, त्या मूर्वेचा निर्देश आहे. पूर्वी बाणाच्या लाकडातच खाच कोरली जात असे. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या युद्धनौकेवरील बाणांत ही खाच फाटू नये म्हणून शिंगाची पातळ चीप बसविलेली आढळली. त्या खाचांच्या रुंदीवरून तत्कालीन प्रत्यंचेच्या जाडीचा अंदाज अभ्यासकांनी बांधला. खाच आणि दोरी ही एकमेकांच्या मापाने घडविली जातात, हे तत्त्व त्यामागे गृहीत होते.

आजच्या बाणाला प्लॅस्टिकचा स्वतंत्र नॉक बसविलेला असतो. त्याच्या दोन पाकळ्यांमध्ये खाच असते. खाचेचे तोंड किंचित अरुंद आणि तळ किंचित रुंद असतो. त्यामुळे प्रत्यंचा आत जाताना पाकळ्या क्षणभर फाकतात, हलकासा ‘टक्’ असा आवाज होतो आणि बाण दोरीला धरून राहतो. प्रचलित नॉकमध्ये लहान व मोठ्या खाचेची दोन मापे विशेष आढळतात : ०.०८८ इंच, म्हणजे सुमारे २.२४ मि.मी., आणि ०.०९८ इंच, म्हणजे सुमारे २.४९ मि.मी. दोहोंतील फरक पाव मिलिमीटरचा आहे.

प्रत्यंचा अनेक समांतर धाग्यांची बनलेली असते. हे धागे डेक्रॉनचे, म्हणजे पॉलिएस्टरचे असतात, किंवा अधिक ताठ अशा पॉलिएथिलीनच्या उच्चशक्ती तंतूंचे असतात. मध्यभागी, जेथे बोटे व बाण लागतात, तेथे या धाग्यांवर दुसऱ्या दोऱ्याचे घट्ट वेष्टन केलेले असते. त्यास मैदानावर ‘सर्व्हिंग’ म्हणतात. नॉक या सर्व्हिंगवर बसतो. म्हणून जुळणी तीन गोष्टींवर ठरते : प्रत्यंचेतील धाग्यांची संख्या, सर्व्हिंगच्या दोऱ्याची जाडी आणि नॉकच्या खाचेचे माप.

३. बाण अलग होण्याची क्रिया

ताणलेली प्रत्यंचा सुटली की ती बाणाला मागून ढकलत पुढे नेते. या टप्प्यात बाण दोरीवर दाबलेलाच असल्याने नॉकच्या पकडीची गरज नसते. प्रत्यंचा आपल्या विश्रांतीच्या स्थितीजवळ पोहोचली की तिचा वेग झपाट्याने कमी होतो. बाण मात्र जडत्वाने त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याच क्षणी नॉकने दोरी सोडावयाची असते.

यावरून नॉकच्या पकडीचे खरे काम स्पष्ट होते. बाण दोरीवर चढविल्यापासून प्रत्यंचा सुटेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवणे, एवढेच ते काम आहे. त्यानंतर पकड उपयोगाची नसते. असलीच तर अडथळ्याची असते. म्हणून योग्य जुळणी म्हणजे बाण खात्रीने धरून ठेवणारी किमान पकड, अशी व्याख्या करता येईल.

४. सैल आणि घट्ट जुळणीचे दोष

सैल नॉकचा धोका प्रथम सुरक्षिततेचा आहे. धनुष्य ओढताना बाण दोरीवरून किंचित मागे-पुढे सरकला आणि खेळाडूच्या ते लक्षात आले नाही, तर प्रत्यंचा बाणाशिवाय सुटल्यासारखी होते. बाणाने वाहून न्यावयाची ऊर्जा मग धनुष्याच्या पात्यांत आणि दोरीतच राहते. पाते चिरणे, दोरी तुटणे, कंपाउंड धनुष्याच्या बाबतीत केबल निसटणे आणि त्यातून खेळाडूला इजा होणे, हे सर्व त्यातून संभवते. शिवाय सैल नॉक दोरीवर प्रत्येक वेळी त्याच जागी बसेल याची शाश्वती नसते.

घट्ट नॉकचा दोष सहसा दिसत नाही. बाण दोरीवर छान बसतो, आवाज खणखणीत येतो, त्यामुळे ‘पक्का बसला’ असा समज होतो. पण सुटण्याच्या क्षणी दोरी केवळ पुढेच जात नसते. बोटांनी सोडलेली दोरी बोटांना वळसा घालून निघते, त्यामुळे तिला आडवी हालचाल मिळते. दोरीची वर-खाली कंपनेही असतात. नॉकने दोरी वेळेवर सोडली नाही, तर ही हालचाल बाणाच्या शेपटाला मिळते. बाण शेपूट हलवीत जातो, आणि प्रत्येक बाणाची पकड थोडी निराळी असल्यास प्रत्येक बाण निराळ्या रीतीने हलतो.

५. वेगाची हानी की दिशेची?

घट्ट नॉकमुळे ‘बाणाचा जोर कमी होतो’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान आकडे घालून तपासणे उद्बोधक ठरेल. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले असून हवेचा विरोध जमेस धरलेला नाही.

समजा, २० ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने निघतो. त्याची गतिज ऊर्जा ३६ ज्यूल होते. नॉक दोरीपासून ओढून काढण्यास एक किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे १० न्यूटन जोर ३ मि.मी. अंतरापर्यंत लावावा लागतो, असे मानू. ही पकड चांगलीच घट्ट म्हणावी लागेल. तरीही खर्च होणारी ऊर्जा केवळ ०.०३ ज्यूल, म्हणजे एक हजारांशाहूनही कमी. ऑलिंपिकच्या ७० मीटर अंतरावर त्यामुळे बाण जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली लागेल. वेगाच्या हानीची भीती अनाठायी आहे, असेच यावरून म्हणावे लागते.

आता दिशेचा विचार करू. ७० मीटरवरील लक्ष्याचा व्यास १२२ सें.मी. असून दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सें.मी. व्यासाचे असते. मध्यापासून ६.१ सें.मी. सरकलेला बाण त्या वर्तुळाच्या कडेवर येतो. ६० मीटर प्रति सेकंद वेगाच्या बाणाला तेवढे सरकविण्यासाठी सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर एवढा आडवा वेग पुरेसा आहे. २० ग्रॅमच्या बाणाला हा आडवा वेग देण्यास एक न्यूटन बल, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार, एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता लागला तरी भागते. म्हणजे वेगावर नगण्य परिणाम करणारी पकड दिशा बिघडविण्यास मात्र समर्थ असते.

हाच हिशेब नवोदिताच्या धनुष्यास लावून पाहावा. त्याचा बाण १५ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला ३५ मीटर धरला, तर ऊर्जा सुमारे ९ ज्यूल, म्हणजे पहिल्या उदाहरणाच्या चौथाईच भरते. तोच आडवा धक्का या बाणाला दुपटीहून अधिक कोनातून वळवितो. परिणामी अनुभवी खेळाडूचा बाण ७० मीटरवर जितका सरकतो, जवळजवळ तितकाच नवोदिताचा बाण ३० मीटरवर सरकतो. ३० मीटरसाठी वापरल्या जाणाऱ्या ८० सें.मी. व्यासाच्या लक्ष्यावर प्रत्येक गुणपट्टा ४ सें.मी. रुंदीचा असतो, म्हणजे एका गुणाहून अधिक नुकसान केवळ नॉकमुळे होऊ शकते. जुळणीची काटेकोर गरज हलक्या धनुष्याला अधिक असते ती यामुळे.

६. तपासणीची पद्धत

जुळणी तपासण्याची सर्वमान्य पद्धत अत्यंत साधी आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. धनुष्य आडवे धरावे. प्रत्यंचा जमिनीला समांतर ठेवून बाण टोक खाली करून सर्व्हिंगवर नेहमीच्या जागी लटकवावा. बाण स्वतःच्या वजनाने न पडता लटकून राहिला पाहिजे. नंतर नॉकपासून एक ते दोन इंच अंतरावर प्रत्यंचेवर बोटाने झटकन टिचकी मारावी. बाण गळून पडला तर जुळणी योग्य. टिचकीपूर्वीच पडला तर सैल, आणि टिचकीनंतरही लटकून राहिला तर घट्ट समजावी. बाणाचे टोक पायावर पडू नये, खालची जमीन मऊ असावी, एवढी दक्षता घ्यावी.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दोरीवर चढविलेला नॉक सर्व्हिंगवर वर-खाली सहज सरकला पाहिजे, आणि बाण दोरीभोवती विनासायास फिरला पाहिजे. तो अडखळत असल्यास सर्व्हिंग ओबडधोबड आहे किंवा तिच्यावर मेण साचले आहे असे समजावे.

ही चाचणी एका बाणावर करून थांबू नये. संचातील प्रत्येक बाण तपासावा, कारण एकाच मापाचे नॉकही वापराने कमी-अधिक झिजतात. दुसऱ्या बाणाचा आघात झालेल्या नॉकला केसासारखी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नसली तरी पाकळ्या हलकेच दाबल्यास उघडी पडते. असा नॉक तत्काळ बदलावा. तसेच नवी सर्व्हिंग पहिल्या काही डझन बाणांनंतर दबून बसते, म्हणून तेव्हा पुन्हा एकदा चाचणी घेणे इष्ट होय.

७. दुरुस्ती

जुळणी चुकल्यास नॉकला हात लावण्यापूर्वी सर्व्हिंगचा विचार करावा. बाण अनेक असतात, प्रत्यंचा एक असते. सर्व्हिंग बदलली की सर्व बाणांची जुळणी एकाच वेळी आणि सारख्या प्रमाणात बदलते. खाच कानशीने किंवा सँडपेपरने घासून रुंद करण्याची प्रथा त्याज्य मानावी. दोन पाकळ्या सारख्या घासल्या जात नाहीत, आणि बारा बाण सारखे घासणे तर अशक्यच.

सर्व्हिंगच्या दोऱ्याची जाडी ०.०१८ इंचावरून ०.०२१ इंचावर नेली, तर दोऱ्याची जाडी सुमारे ०.०८ मि.मी. वाढते. वेष्टन दोन्ही बाजूंनी असल्यामुळे प्रत्यंचेचा एकूण व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ०.१५ मि.मी. वाढतो. लहान व मोठ्या खाचेतील फरक ०.२५ मि.मी. आहे, हे लक्षात घेता हा बदल लहान नव्हे. धाग्यांच्या संख्येचा परिणाम मात्र तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. १६ धाग्यांचा गाभा १.५ मि.मी. व्यासाचा असल्यास १८ धाग्यांचा सुमारे १.५९ मि.मी. भरेल. अर्थात दोन धागे वाढविल्याने साधारण ०.०९ मि.मी. फरक पडतो, परंतु त्यासाठी संपूर्ण प्रत्यंचा नव्याने करावी लागते आणि तिचे वजनही वाढते. म्हणून प्रथम सर्व्हिंग, नंतर नॉकचे माप आणि शेवटी धाग्यांची संख्या, हा क्रम सोयीचा ठरतो.

जुळणी किंचित सैल असल्यास बाण बसण्याच्या जागेपुरता बारीक दोऱ्याचा आणखी एक थर गुंडाळता येतो. जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमांत नॉक नीट बसावा यासाठी नॉकिंग पॉइंटपाशी अशी जादा सर्व्हिंग करण्यास मुभा आहे. जुळणी किंचित घट्ट असल्यास सर्व्हिंग उलगडून पातळ दोऱ्याने पुन्हा करावी. सर्व्हिंग करताना दोऱ्याचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राखणे आवश्यक आहे, अन्यथा व्यास जागोजागी बदलतो.

८. नॉकिंग पॉइंटचा संबंध

नॉकची पकड योग्य असूनही बाण नीट सुटत नसेल, तर कारण नॉकिंग पॉइंटमध्ये शोधावे. बाण प्रत्यंचेवर नेमका कोठे बसावा हे दर्शविणारी ही खूण दोऱ्याची गाठ गुंडाळून किंवा पितळी कडी दाबून केलेली असते. नियमानुसार अशा एक किंवा दोन खुणा चालतात. आरंभीची जागा म्हणून रिकर्व्ह धनुष्यात ही खूण काटकोनी रेषेपासून सुमारे अर्धा इंच वर आणि रिलीज वापरणाऱ्या कंपाउंड धनुष्यात पाव इंच वर ठेवतात; पुढे बाणाचे उड्डाण पाहून ती सरकविली जाते.

दोन खुणा असल्यास त्यांच्यामध्ये नॉक दाटीने बसता कामा नये. धनुष्य पूर्ण ओढले असता प्रत्यंचेचा कोन तीव्र होतो आणि दोन्ही खुणा नॉकला वरून-खालून चिमटतात. दोरी सरळ असताना जी जागा पुरेशी वाटते, ती ओढलेल्या स्थितीत अपुरी पडते. त्यामुळे खुणांमध्ये किंचित मोकळीक ठेवावी लागते. धनुष्याची लांबी कमी असेल तर कोन अधिक तीव्र होतो, म्हणून ही मोकळीकही अधिक लागते.

येथेच प्रशिक्षणातील एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. नवोदिताचा बाण ओढताना रेस्टवरून वारंवार खाली पडतो. त्यावर घट्ट नॉक हा उपाय सुचविला जातो. वास्तविक बहुतेक वेळा विद्यार्थी तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये नॉक आवळून धरीत असतो किंवा बोटांनी दोरी पिळत असतो, आणि त्यामुळे बाण रेस्टपासून ढकलला जातो. नॉक घट्ट केल्याने ही पीळ बाणापर्यंत अधिकच पोहोचते. बोटांमध्ये अंतर राखणारी फिंगर टॅब देणे आणि पकड सुधारणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

९. महाविद्यालयीन साहित्यव्यवस्थेचा विचार

महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात धनुष्ये व बाण सामाईक असतात. वेगवेगळ्या वर्षी खरेदी झालेले बाण एकाच पेटीत ठेवले जातात, तुटलेल्या नॉकच्या जागी जो मिळेल तो नॉक बसतो. अशा पेटीतून घेतलेल्या सहा बाणांपैकी दोन घट्ट, एक सैल आणि तीन योग्य असतील, तर विद्यार्थ्याचे बाण विखुरणारच. त्या विखुरण्याचा दोष मात्र त्याच्या नेमाला किंवा एकाग्रतेला दिला जातो. प्राथमिक निवड अशा थोड्याशा बाणांवर होत असल्याने एखादा होतकरू विद्यार्थी साहित्याच्या दोषापायी मागे पडण्याची शक्यता नाकारता येत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे धनुष्य घेण्याची ऐपत नाही, त्यालाच ही झळ बसते.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक धनुष्याला बाणांचा एक संच नेमून द्यावा आणि दोहोंवर एकच क्रमांक घालावा. एका संचात एकाच बनावटीचे व एकाच मापाचे नॉक असावेत. स्पर्धेच्या नियमांनाही एका फेरीतील बाण व त्यांचे नॉक सारखे असणे अभिप्रेत आहे. सर्व्हिंगचा व्यास मोजण्यासाठी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर पुरेसा आहे. सत्राच्या आरंभी हे माप नोंदवून ठेवल्यास झीज किती झाली हे पुढे कळू शकते. टिचकीची चाचणी विद्यार्थ्यांनाच शिकवावी, म्हणजे ती सरावाच्या तयारीचा भाग होईल.

१०. निष्कर्ष

१) नॉकची योग्य जुळणी म्हणजे बाण खात्रीने धरून ठेवणारी किमान पकड होय.

२) सैल जुळणी प्रामुख्याने सुरक्षिततेस, तर घट्ट जुळणी प्रामुख्याने दिशेच्या सातत्यास बाधक ठरते. वेगाची हानी त्या मानाने नगण्य असते.

३) धनुष्य जितके हलके, तितकी जुळणी काटेकोर असणे आवश्यक. म्हणूनच नवोदितांच्या साहित्याची तपासणी अग्रक्रमाने व्हावी.

४) दुरुस्ती शक्यतो सर्व्हिंगमध्ये करावी. नॉकची खाच घासू नये.

५) सामाईक साहित्य वापरणाऱ्या महाविद्यालयांनी धनुष्यनिहाय बाणसंच निश्चित केल्यास विद्यार्थ्यांच्या गुणांतून त्यांचे कौशल्य अधिक यथार्थपणे व्यक्त होईल. दोऱ्याचे एक रीळ आणि अर्ध्या तासाचे श्रम एवढ्यात हे साध्य होण्यासारखे आहे.